धृपद नसलेलं सर्फ गाणं

सर्फ म्युझिक वाजवतो म्हटलं की आपली माणसं हमखास विचारतात, ‘म्हणजे बीच बॉईज का?’ नव्हे. त्या बँडच्या गाण्यांत शब्द आहेत. मी म्हणतोय ते १९६१च्या आसपास दक्षिण कॅलिफोर्नियात, लाटांवर सर्फिंग करणाऱ्या पोरांत रुजलेलं गिटारचं बिनशब्दांचं संगीत. तिथल्या बाल्बोआच्या राँदेव्हू बॉलरूममध्ये गिटारवाला डिक डेल वाजवायचा आणि पोरं पाय आपटत नाचायची. त्याच वर्षी फेंडर या गिटार कंपनीने गिटार आणि अँप्लिफायर यांच्या मधे जोडायची रिव्हर्बची, म्हणजे आवाज घुमवायची, वेगळी पेटी बाजारात आणली. आत स्प्रिंगा, बाहेर तीन बटणं. तारांवर तळहात टेकवून पिक (तार छेडायची चपटी पट्टी) मारलं की पाणी ठिबकल्यासारखा आवाज येतो, त्याला इथे सरळ ‘ड्रिप’ म्हणतात.

मी याच भागात राहतो आणि चौघांच्या बँडमध्ये लीड गिटार वाजवतो. आमच्याकडे जुनी गाणी भरपूर, स्वतःचं एकही नाही. ते करायचं माझ्या अंगावर आलं.

यातल्या गाण्यांचा साचा बहुतेक ठरलेला असतो. मुख्य धून दोनदा, मधे वेगळा तुकडा, परत धून, दोन-अडीच मिनिटांत काम तमाम. मला तो मोडायचा होता. यावर प्रत्येकाचा सल्ला एकच: ‘तू भारतीय ना, मग एखादा राग घाल की!’ आता काय बोलणार. डिक डेलचे वडील लेबनीज वंशाचे. पूर्व भूमध्य भागातली ‘मिसिर्लू’ ही जुनी धून त्याने १९६२मध्ये सर्फ गिटारवर आणली, तिच्यात रे-धा कोमल आणि बाकीचे शुद्ध, म्हणजे आपल्या भैरवाचेच स्वर. (भैरव राग नव्हे. चलन वेगळं, आंदोलन तर नाहीच.) म्हणजे ज्याला हे लोक ‘एक्झॉटिक’ म्हणतात ते साठ वर्षांपूर्वीच होऊन गेलंय. राग घालून मी नवं काय केलं असतं?

म्हणून स्वरांना हात न लावता मी बांधणी उलटी केली. धून चार ओळींची, साधी ए मायनरमधली. सुरुवातीला फक्त चौथी ओळ वाजते. मग तिसरी-चौथी, मग दुसरीपासून पुढे. ऐकणाऱ्याला वाटतं चौथी ओळ म्हणजेच धृपद. पहिली ओळ येते ती अगदी शेवटी, अख्खी धून एकदाच वाजते आणि गाणं थांबतं. आमचा बेसवाला वैतागला. ‘सगळ्यात चांगली ओळ एकदाच? लोक पार्किंगपर्यंत गुणगुणणार काय?’ मी म्हटलं, चौथी गुणगुणतील.

खरी कटकट तालाची. प्रत्येक ओळीचं आवर्तन सात मात्रांचं झालं होतं, चार अधिक तीन. सर्फचा ठेका म्हणजे धम्-टकटक-धम्-टक, चारात चपखल. ड्रमरचं म्हणणं, सातावर नाचणारे एकमेकांवर आदळतील. बसून मोजलं. डावा-उजवा पाय चालू ठेवला तर दुसऱ्या आवर्तनाची सम, म्हणजे पहिली मात्रा, उजव्या पायावर येते आणि चौदा मात्रांनंतर पुन्हा डाव्यावर. मग ओळी जोडीजोडीने बसवल्या. तीन ओळींच्या तुकड्यात एक आवर्तन नुसतं ड्रम्सना दिलं. ठेक्यात ड्रमरने शेवटच्या तीन मात्रा धम्-टकटक-धम् एवढ्यावर आणल्या, जास्तीचं काही घातलं नाही. हे त्याचं डोकं, माझं नाही.

मग रिव्हर्ब आडवा आला. अख्ख्या धुनेआधी मला एकदम सी शार्प मायनरमध्ये उडी मारायची होती. तारा दाबून बंद केल्या तरी पेटीतल्या स्प्रिंगा घुमतच राहतात. त्यामुळे आधीच्या कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या स्वरांतला) सी आणि नवा सी शार्प एकमेकांच्या उरावर बसायचे. ऐकवत नव्हतं. पेटीचं बटण कमी करावं तर दोन्ही हात गुंतलेले, आणि रिव्हर्ब काढला तर मग सर्फ कशाला म्हणायचं? खूप खटाटोप केल्यावर लक्षात आलं, ई हा स्वर दोन्ही कॉर्डमध्ये आहे. उडीआधीच्या चार मात्रांत आता आम्ही सगळे फक्त ई वाजवतो, पुढच्या तीन मात्रा हात वर. त्या रिकाम्या जागेत ई घुमत राहतो आणि त्याच्यावरच नवी पट्टी उघडते. गाण्यातली माझी सगळ्यात आवडती जागा हीच, आणि तिथे कोणीच काही वाजवत नसतं!

आवाजाच्या बाबतीत मात्र मी कर्मठ. जाड तारा, वेगवान दुहेरी (खाली-वर) पिकिंग, बेसला सपाट गुंडाळीच्या तारा. सॅन फ्रान्सिस्कोच्या मर्मेनसारखे बँड लांबलचक, धूसर रचना करतात, मला आवडतात. पण बांधणी आणि आवाज दोन्ही एकदम सोडले तर समोरच्याला हाताला धरायला काहीच उरत नाही, असं माझं मत.

एका ब्रुअरीत वाजवलं. नाचणारे तिसऱ्या तुकड्यापर्यंत गोंधळले होते, मग कोणीतरी मोजणं सोडून दिलं असावं. रिकाम्या तीन मात्रांत एक गृहस्थ टाळ्या वाजवू लागले, गाणं संपलं समजून. ड्रमर आता म्हणतोय ती जागा दोन मात्रांची कर. मी नाही करणार. बेसवाल्याला पहिली ओळ अजून एकदा हवीच आहे, त्याच्यासाठी वेगळं गाणं लिहायला घेतलंय.