द्विदल झडप अखेर मिटली

मी हृदयाचं चालतं मॉडेल बनवतोय. त्यात कर्णिका म्हणजे वरचा कप्पा, जवनिका म्हणजे खालचा, आणि डावीकडे या दोघांमधलं दोन पाकळ्यांचं दार म्हणजे द्विदल झडप. काल रात्री डाव्या जवनिकेला दाब दिला आणि कर्णिकेच्या नळीत लाल पाणी जेमतेम बोटभर चढून थांबलं. तीन महिने ते थेट वरच्या टाकीपर्यंत उसळायचं. मी लागोपाठ वीस ठोके दिले, नुसतं बघत राहण्यासाठी.

उजवी बाजू गणपतीपासून चालू आहे. तिथे दाब कमी, थोडी गळती खपून जाते. डावीकडे नाही खपत.

मागच्या नोंदीत पाकळ्या जाड करायचं म्हटलं होतं. केल्या, तर उघडेचनात. पुन्हा पातळ ओतल्या, कडेला मलमलीची पट्टी घातली (नुसतं सिलिकॉन तंगुसाने, म्हणजे बारीक नायलॉन दोऱ्याने, फाटतं) आणि प्रत्येक पाकळी तंगुसाने जवनिकेच्या आतल्या आपापल्या खुंटाला बांधली. तरी दोन्ही कोपऱ्यांत फट राहायचीच.

शेवटी मटणवाल्याकडून बोकडाचं दिल आणलं, न चिरलेलं. डावी जवनिका कात्रीने उभी उघडली. भिंत उजवीच्या जवळजवळ तिप्पट जाड. आत दोन मांसल खुंट, त्यांतून निघालेले पांढरे, शिवणाच्या दोऱ्यासारखे तंतू. एका खुंटाचे तंतू चिमट्याने ओढले आणि दोन्ही पाकळ्या हलल्या! प्रत्येक खुंट दोन्ही पाकळ्यांना धरून असतो. म्हणून कडा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि कोपरा मिटतो. मी नेमकं हेच तोडून ठेवलं होतं.

तसं बांधल्यावर निम्मी गळती गेली. उरलेली माझ्या दाबण्यामुळे होती. मी खालून दाबायचो, त्यामुळे खुंट वर सरकून तंगूस सैल पडायचा. खऱ्या हृदयात खुंटही आकुंचन पावतात आणि तंतू ताणलेले ठेवतात. माझ्या खुंटांत स्नायू नाही, म्हणून हृदयाचं टोक फळीला पक्कं केलं आणि दाबपट्ट्या दोन्ही बाजूंना लावल्या. आता दाबलेल्या ७० मिलीपैकी ६१ मिली महारोहिणीत (हृदयातून बाहेर जाणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत) जातं. आधी ३५ जायचं.

तंगूस मासेमारीच्या दुकानातलाच घ्या, ०.३ मिमी. मण्यांच्या दुकानातला ताणतो. सिलिकॉन ऑनलाइन मागवलेलं बुडबुड्यांनी भरलेलं निघालं, यापुढे हातात घेऊन बघूनच घेणार.

पुढे मोटर लावून मिनिटाला ७२ ठोके द्यायचे होते. पण हे लिहिताना लिओनार्दो दा विंची आठवला. १५१३च्या सुमारास त्याने महारोहिणीच्या मुळाचा काचेचा साचा करून पाण्यात गवताचं बी सोडायचं योजलं होतं, झडपेमागच्या फुगवट्यांत पाणी कसं भोवरतं ते बघायला. माझी महारोहिणी सरळ नळी आहे, फुगवटेच नाहीत! मोटर राहू दे. आधी तीन फुगवट्यांचा पारदर्शक साचा ओततो आणि त्यात खसखस सोडतो.