सत्तावन्न कुठे गेली?

२०१९च्या जुलैमधला शनिवार. सकाळची शाळा. पेठेतली आमची मराठी शाळा, दुसरीचा वर्ग, पट अठ्ठावीस आणि पावसामुळे हजर एकोणीस.

त्याच वर्षी बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं होतं. त्यात एकवीसच्या जोडीला 'वीस एक', बत्तीसच्या जोडीला 'तीस दोन' असं वाचन दिलं होतं, आणि त्यावरून विधानसभेपर्यंत कोट्या झाल्या. मी नव्या पद्धतीच्या बाजूची. वीस वर्षं दुसरीला शिकवल्यावर कुणीही झालं असतं. मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. 'सत्तावन्न' कानावर पडलं की मूल आधी ७ लिहितं, मग ५, आणि पाटीवर ७५ होतात. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर हेच सांगत होत्या: कानडी, तेलुगू, तमिळमध्ये दशक आधी म्हणतात, मुलांना जोडाक्षरांचाही त्रास होत नाही, आणि जुनी नावं काही बाद केलेली नाहीत. स्टाफरूममध्ये यावरून माझी निम्म्या जणींशी जुंपलेली होती.

तर त्या शनिवारी एकेकाला उभं करून वाचून घेत होते. एका मुलीच्या वाट्याला ५७ आला. शेजारणीने आधीच कुजबुजून सांगितलं, "पन्नास सात." ही गप्प. मी म्हटलं, "म्हण की गं." तिने पुस्तक मिटलं.

"मग सत्तावन्न कुठे गेली?"

वर्ग हसला. मी म्हटलं, "अगं, तेच ते." त्यावर ती म्हणाली, "नाही बाई. ही दोघं आहेत." आणि खाली बसली ती तास संपेपर्यंत बोललीच नाही.

या मुलीची एक चूक मी जूनपासून दुरुस्त करत होते. वजाबाकी झाली की म्हणायची, "बाई, सात उरली." मी म्हणायचे, "उरले." ती "उरले" म्हणायची आणि पुढच्या गणिताला परत "उरली". पाच मात्र "उरला". आठही "उरला". घरी मराठी बोलत नसतील म्हणावं, तर वडील रिक्षावाले, चार पिढ्या पुण्यातल्या. मी दर वेळी लाल पेनाने 'ली' खोडून 'ले' करत होते.

मधल्या सुट्टीत तिला टेबलापाशी बोलावलं. रागावणारच होते खरं तर. "सात म्हणजे मुलगी का?" असं सहज विचारलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू पाऊस वरून पडतो का, असंच मी विचारलं असावं. मग सुरू झाली. डबा तसाच राहिला. मी टाचणवहीच्या मागच्या पानावर लिहीत गेले. एक लहान आहे, त्याचं नाक गळतं. पाच मॉनिटर, सगळ्यांची नावं फळ्यावर लिहितो. सात हुशार पण कुणाशी बोलत नाही, आठ तिच्या डब्यातलं खातो म्हणून त्याच्यावर रुसलीय. सत्तावन्न वेगळीच, मोठी बाई, पदर खोचून कामं करते. पंचाहत्तर तिच्या ओळखीचासुद्धा नाही. एकोणसाठ साठच्या दारात उभा राहतो, आत येत नाही. अक्षरांमध्ये ळ कायम मागे बसते, पुढे ये म्हटलं तरी येत नाही. मराठीत ळने सुरू होणारा शब्द नसतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, वह्या काढून खात्रीही केली: ५७ आणि ७५ची उलटापालट वर्गात बहुतेकांची होत होती, हिची एकदाही नाही. कशी होईल? शेजारच्या काकूंना आपण काका म्हणतो का?

शाळा सुटल्यावर फाटकाशी वडील भेटले. म्हणाले, "मॅडम, रिक्षात पण हेच. मीटरवर अठ्ठ्याहत्तर आले की म्हणते, बाबा, आता भांडणार." मीटरचे आकडे इंग्रजी, फळ्यावरचे मराठी, पण सात तीच.

पोरखेळ म्हणून मी सोडून दिलं असतं. पोटफोड्या ष, पाय मोडलेला त, हे आम्हीच शिकवतो. पण माझी भाची मानसशास्त्र शिकत होती, ती म्हणाली, "मावशी, याला नाव आहे." ऑर्डिनल लिंग्विस्टिक पर्सनिफिकेशन. ज्यांचा क्रम ठरलेला असतो, म्हणजे आकडे, मुळाक्षरं, वार, महिने, ती काहींना आपोआप माणसं वाटतात. हा सिनेस्थेशियाचाच, म्हणजे एका जाणिवेसोबत दुसरी आपोआप जागी होण्याचा (आकडा पाहिला की रंग दिसणं, तसं), एक प्रकार, असं मानसशास्त्राच्या संशोधक ज्युलिया सिम्नर आणि एमा होलेनस्टाइन यांनी २००७ साली मांडलं. हा आजार नव्हे. नोंदी तर १८९३पासूनच्या, जिनिव्हात फ्लूर्न्वा आणि अमेरिकेत मेरी कॅल्किन्स या मानसशास्त्रज्ञांच्या. कॅल्किन्सच्या लेखात कुणी सांगितलंय की ४ प्रामाणिक, ३चा भरवसा नाही आणि ९ उंच, सावळा, सभ्य पण आतून डावपेची. आमच्या मुलीचा नऊ म्हणजे कपाळावर गंध लावलेले आजोबा, त्यामुळे त्यांचं जमलं नसतं.

भाचीने एक परीक्षा सांगितली. पोरं मनाला येईल ते रचतात आणि विसरतात. खरं असेल तर महिन्यांनी विचारलं तरी उत्तर तेच येतं. मग मी टाचणवही कपाटात ठेवली आणि विषय काढला नाही. फक्त 'उरली' खोडणं थांबवलं. बाकीच्यांचं खोडत होतेच, त्यावरून एकदा तक्रारही आली.

फेब्रुवारी २०२०मध्ये पुन्हा बसवलं. मागचं पान माझ्या मांडीवर, तिला दिसणार नाही असं. एक, नाक. पाच, मॉनिटर. आठ अजून डबा खातोय. एकोणसाठ दारातच. एकही उत्तर फिरलं नाही. एक विचारायचं मात्र जुलैमध्ये राहून गेलं होतं.

"आणि शून्य गं? तो कोण?"

"शून्य कुणी नाही, बाई," ती म्हणाली. "ती खुर्ची आहे. पन्नासमध्ये पाचाच्या शेजारी रिकामी असते. मग सात येऊन बसते."

"मग सत्तावन्न?"

"ती घरी असते. शाळेत पन्नास सात."

मी वही मिटली. तिने डबा उघडला.