शून्य रुपयांचे तिकीट

आगारात एक लेखी खुलासा देऊन मला आता काही आठवडे झाले आहेत. खुलासा पानभराचा आहे आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. तरी त्या सकाळी कोयनानगरहून कराडकडे येणाऱ्या फेरीत जे घडले त्यातले निम्मे त्या पानात मावले नाही, म्हणून हे लिहीत आहे. मी एसटीत वाहक आहे.

पंचाहत्तरी पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीच्या गाड्यांतून राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास आहे, हे आता सर्वांना माहीत आहे. मोफत प्रवाशालाही तिकीट घ्यावेच लागते, हे मात्र अजूनही पुष्कळांना पटत नाही. "फुकट हाय न्हवं, मग कागद कशाला?" असे म्हणून आजोबा हात हलवतात आणि खिडकीबाहेर बघू लागतात. त्या कागदावर रक्कम शून्य छापलेली असली, तरी त्याच नोंदीवरून सवलतीची रक्कम शासनाकडून महामंडळाला मिळते. शिवाय वाटेत तपासणी पथक चढले, तर ते मशीनमधून त्या टप्प्यापर्यंतचा हिशेब काढते आणि गाडीतली डोकी मोजते. एक डोके जास्त भरले, तर ते पंचाहत्तर वर्षांचे आहे की पंचवीस, हा प्रश्न नंतरचा. आधी वाहकावर केस होते. म्हणून हँडलला धरून, गर्दीतून वाट काढत, आम्ही आजोबांच्या मुठीत शून्याचे तिकीट कोंबतो.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे आहे. पण १७ मार्च २०२३ पासून सर्वच वयाच्या महिलांना निम्मे भाडे झाल्यामुळे बाईला पासष्टीचा वेगळा लाभ उरला नाही. तिच्यासाठी एकच उंबरठा आहे, तो पंचाहत्तरीचा. त्याच्या अलीकडे सून आणि सासू दोघींचे तिकीट सारखेच फाटते.

हा उंबरठा आम्ही ओळखतो तो कार्डावरून, आणि कार्डावरच्या जन्मतारखा हा एक स्वतंत्र विषय आहे. आमच्या गाडीतले निम्मे म्हातारे १ जूनला जन्मलेले असतात. शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली ती तारीख. एसटीची पहिली गाडी पुणे–नगर मार्गावर धावली तीही १ जून १९४८ला, त्यामुळे आमच्या महामंडळाचा आणि या सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. पण ज्यांनी शाळेचे तोंडच पाहिले नाही, त्यांच्या आधार कार्डावर बहुधा तारीखही नसते, नुसते जन्मवर्ष असते. गावच्या चावडीत किंवा शाळेत नोंदणी झाली, तेव्हा संगणकापुढे बसलेल्या मुलाने समोरच्या बाईकडे बघून जे विचारले आणि तिने जे सांगितले, त्यातून ते वर्ष उतरलेले असते. त्या मुलांना एका दिवसात किती माणसे उरकायची होती कोण जाणे. पण दोन मिनिटे जास्त घालवून "लग्न कधी झालं, थोरला कितीचा" एवढे विचारले असते, तर पुढचे बरेच टळले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या दिवशी कोयनानगर सोडल्यावर पुढच्या एका फाट्यावर एक आजी आणि त्यांचा मुलगा चढले. आजींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन गेल्या महिन्यात सरकारी दवाखान्यात झालेले होते आणि त्या तपासणीसाठी कराडला निघाल्या होत्या. डोळ्यांवर दवाखान्यात दिलेला काळा चष्मा होता. मुलाने आईचे आधार कार्ड पुढे केले आणि "मॅडम, एक फुल आणि आईचं शून्याचं," असे म्हणाला. कार्डावर जन्मवर्ष १९५७ होते. म्हणजे अडुसष्ट. मी म्हटले, "दादा, यावर अडुसष्टच भरतात. हाफ लागेल." तो काही बोलला नाही, पाकीट काढू लागला. आजी मात्र ठसक्यात म्हणाल्या, "आगं पोरी, भूकंपात ह्यो थोरला माझ्या अंगावर पीत हुता. घर पडलं तवा ह्येला पदरात धरून भाईर आले मी."

कोयना खोऱ्यात हे वाक्य जन्मदाखल्यासारखे वापरले जाते. भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे झाला. तेव्हा कोण पाळण्यात होते, कोणाचे लग्न ठरले होते, कोण न्हाती-धुती झाली होती, यावरून इथल्या बायका आपले वय सांगतात, आणि त्यात सहसा चूक निघत नाही. आधार खरे मानले, तर भूकंपाच्या वेळी आजी दहा वर्षांच्या होत्या. मुलाला त्याचे कार्ड मागितले. तो शाळेत गेलेला, त्यामुळे तारीख पूर्ण होती: १ जून १९६६. सरकारच्याच दोन कार्डांप्रमाणे आई मुलापेक्षा नऊ वर्षांनी मोठी होती. शेजारी उभी असलेली पाटणच्या कॉलेजची मुले हसली. मला हसू आले नाही, कारण अशाने तिकिटाचा प्रश्न सुटत नव्हता. मुलाच्या वयावरून आईला सवलत द्यायची सोय कुठेच नाही.

"आजी, दुसरं काही कार्ड हाय का?" असे विचारल्यावर त्यांनी कमरेची पिशवी उघडली. चुन्याची डबी, दवाखान्याचा केसपेपर, घडी घातलेल्या नोटा, आणि सर्वांत खाली प्लॅस्टिकमधले जुने मतदार ओळखपत्र. फोटो काळा-पांढरा, कडा पिवळ्या पडलेल्या. त्या काळच्या मतदार कार्डांवर जन्मतारीख नसे, एका ठरावीक तारखेचे वय असे. त्यावर होते: १-१-१९९५ रोजी वय ४५.

धावत्या गाडीत, एका हाताने वरची दांडी धरून, मी तो हिशेब दोनदा केला. १ जानेवारी १९९५ला पंचेचाळीस, म्हणजे १ जानेवारी २०२५ला पंचाहत्तर पूर्ण. वर्ष २०२५च होते. तोंडी गणित आणि भूकंप दोन्ही जुळत होते. मतदार ओळखपत्र या सवलतीसाठी मान्य कागदपत्रांत आहे, आधारही आहे. दोन्ही मान्य कार्डे एकमेकांना खोटे पाडत असतील तर वाहकाने कोणते धरावे, हे निदान मी तरी कुठे वाचलेले नाही. आजींनी मतदार कार्ड आधी दाखवले असते, तर मी डोळे झाकून शून्याचे तिकीट दिले असते. केवळ आधार आधी पाहिले म्हणून ते कार्ड खोटे कसे मानायचे, असा विचार करून मी शून्याचे तिकीट काढले. चालकमामांनी आरशातून पाहिले आणि मान हलवली. त्यांच्या मते हाफ फाडून मोकळे व्हायला हवे होते.

पाटण सोडून नवारस्त्याला गाडी थांबली आणि तपासणी पथक चढले. साहेब सावकाश, नीट तपासणारे होते. उगाच आवाज चढवणारे नव्हते, हे मुद्दाम नोंदवते. त्यांनी आजींचे तिकीट पाहिले आणि सवयीने "आधार?" म्हणून हात पुढे केला. मुलाने ते दिले. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी मतदार कार्ड दाखवून हिशेब सांगितला. ते कार्ड त्यांनी उजेडाकडे धरले, फोटोतली पंचेचाळिशीची बाई आणि सीटवरच्या काळ्या चष्म्यातल्या आजी आळीपाळीने न्याहाळल्या आणि आजींना चष्मा काढायला सांगितले. आजींनी काढला. उन्हाने डोळ्यातून पाणी आले तशी साहेब घाईने म्हणाले, "घाला, घाला." मग मला विचारले, "बाई, दोन्ही कार्डं खरी, तर सोयीचं कुठलं ते तुम्ही ठरवणार?"

मी म्हटले, "साहेब, नवीन आधार कार्डावर आता छापूनच येतं, की हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही." आणि ते खरे आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपघात भरपाईच्या एका प्रकरणात वय ठरवताना आधार बाजूला ठेवून शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख धरली. पण साहेबांचे उत्तरही खोटे नव्हते: "मग रोज शेकडो आजोबांना आधार बघून सोडता, तेव्हा हे आठवत नाही?" त्यांनी आजींकडून पैसे घेतले नाहीत, दोन्ही कार्डांचा तपशील टिपला आणि मला आगारात खुलासा द्यायला सांगितले. मागच्या सीटवरचे एक गृहस्थ म्हणाले, "काय ते पैसे मी देतो, गाडी सोडा." आजींनी मागे वळून त्यांना ठणकावले, "तुमचं कशापायी? माझं मला मिळंल."

माझ्या डोक्यात राहिले ते मात्र यानंतरचे. मल्हारपेठच्या पुढे गर्दी विरळ झाल्यावर मुलगा हळू आवाजात बोलू लागला. आजींना श्रावणबाळ योजनेची पेन्शन चालू होऊन तीन वर्षे झाली. ती पासष्टीला मिळते. त्याआधी चौकशीला गेले, तेव्हा आधार पाहून "वय बसत नाही" असे सांगून त्यांना परत पाठवले होते. मतदार कार्डाप्रमाणे आजींची पासष्टी २०१४मध्येच उलटली होती. म्हणजे आठ वर्षांची पेन्शन बुडाली. पुढे १५०० झालेली ती रक्कम आरंभीच्या वर्षांत ६००च होती; तरीही गोळ्यांना, चष्म्याला आणि नातवाच्या खाऊला मुलापुढे हात न पसरायला ती पुरली असती. मी आणि साहेब ज्यावर वाद घालत होतो ते निम्मे भाडे पन्नास रुपयांच्या आतबाहेर होते.

"मग तेव्हाच हे कार्ड का नाही दाखवलं?" मी विचारले. "दुसरं हाय का, असं कुणी इचारलंच न्हाई," मुलगा म्हणाला.

आगारात या प्रकरणावर दोन तट पडले. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "मी असतो तर हाफ फाडलं असतं आणि पैसे माझ्या खिशातून भरले असते, नोकरीही शाबूत आणि पुण्यही पदरात." त्यांच्या भलेपणाविषयी मला शंका नाही, पण हा मार्ग मला अजिबात मान्य नाही. तसे केले तर नोंदीत ती बाई अडुसष्टचीच राहते, आणि तिच्या हक्काच्या प्रवासाचे वाहकाने केलेल्या दानात रूपांतर होते. तरुण वाहकांचे म्हणणे वेगळे होते: ज्येष्ठ फुकट असल्यामुळे उगाच फिरतात, आणि प्रत्येकाची दुसरी कार्डे बघत बसलो तर पुढचा टप्पा येईपर्यंत बुकिंग पुरे होणार नाही. वेळेचे म्हणणे खरे आहे. उगाच फिरण्याचे मात्र ज्यांनी म्हाताऱ्यांच्या पिशव्या पाहिल्या नाहीत त्यांनीच बोलावे. आमच्या मार्गावर त्या पिशव्यांत बहुतेक वेळा केसपेपर असतो, नाहीतर लेकीकडे नेलेले तांदूळ.

खुलाशावर अजून उत्तर आलेले नाही. आधारवर नुसते जन्मवर्ष दिसले आणि समोरची व्यक्ती त्याहून बरीच थोरली वाटली, तर मी दुसरे कार्ड मागते, आणि त्यात खरोखरच वेळ जातो. मधे एकदा तोच मुलगा एकटा गाडीत चढला. आधारवरचे वर्ष दुरुस्त करायचे तर जन्माचा पुरावा लागतो आणि आईकडे दाखला कुठला, असे तो म्हणाला. आधी दुरुस्ती केंद्रात कोणकोणती कागदपत्रे चालतात ते लिहून आण आणि मतदार कार्डाची झेरॉक्स जवळ ठेव, असे मी त्याला सांगितले. भात काढून झाले की जातो, म्हणाला, आणि पाटणला उतरला.