पाऊलखुणेत उभा असलेला माणूस

परवा रविवारी भाच्याने हट्टाने 1998 सालचा अमेरिकी 'गॉडझिला' लावला आणि बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरात जेवणानंतर आडवी झालेली माणसे एकेक करून उठून बसली. हा चित्रपट मी कॉलेजात असताना थिएटरात पाहिला होता. तेव्हा जे आवडले होते ते याही वेळी आवडले. जे खटकले होते ते मात्र या वेळी अधिकच खटकले.

आवडलेल्या प्रसंगांतला पहिला पनामातला आहे. किरणोत्साराचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाला तिथे एक नमुना तपासायला नेले जाते. तो इकडेतिकडे बघत नमुना शोधत राहतो आणि कॅमेरा वर वर जाऊ लागल्यावर आपल्या लक्षात येते की तो ज्या खड्ड्यात उभा आहे तीच गॉडझिला या महाकाय प्राण्याची पाऊलखूण आहे. थोड्या वेळाने न्यूयॉर्कच्या धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याच्या दिशेने पाण्याचा एक फुगवटा सरकत येतो आणि मागोमाग धक्क्याच्या फळ्या उडू लागतात. प्राणी अजून धड दिसलेलाही नसतो, पण त्याचा आकार अंगावर येतो, कारण शेजारी मोजायला एक माणूस आहे. आमच्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात 1944 साली मही नदीच्या मुखाशी सापडलेल्या निळ्या देवमाशाचा सत्तर फुटांहून लांब सांगाडा आहे; लहानपणी त्याच्या बरगड्यांशेजारी उभे राहिल्यावर जे वाटायचे, ते या दोन प्रसंगांत वाटते.

पुढे मात्र चित्रपटाला माणसांचे काय करावे हेच कळत नाही. संगणकावर घडवलेला प्राणी सफाईने धावतो; रात्र आणि अखंड पाऊस यांच्या आडोशाने उणिवाही बऱ्याच झाकल्या जातात; त्याच्यासाठी सोडलेले क्षेपणास्त्र चुकून क्रायसलर इमारतीचे शिखर उडवते, तेही बघण्यासारखे आहे. पण गगनचुंबी इमारतींच्या उंचीला लागणारा हा प्राणी हवे तेव्हा भुयारी रेल्वेच्या बोगद्यातही मावतो. शास्त्रज्ञ औषधांच्या दुकानातून बायकांच्या गर्भचाचणीच्या पट्ट्या आणून त्याचे रक्त तपासतो आणि तो अंडी घालणार असे जाहीर करतो, तेव्हा आमची आई हसून हसून बेजार झाली. पूर्वीची प्रेयसी येऊन गुप्त चित्रफीत चोरते, मग रुसवा, मग समेट. अंड्यांतून निघालेली पिल्ले वेगळ्याच एका डायनासोरपटातून चुकून इकडे आल्यासारखी वाटतात. एकूण 139 मिनिटांचा हा पसारा आहे.

माझी खरी तक्रार कारणाविषयी आहे. 1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तिची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली आणि तिच्यावरच्या 23 जणांपैकी एकाचा त्याच वर्षी मृत्यू झाला. नोव्हेंबरमध्ये आलेल्या मूळ जपानी चित्रपटातला प्राणी अशाच स्फोटांनी डिवचला गेलेला आहे. त्यात जळत्या शहरात एक आई मुलांना कवटाळून, आता आपण बाबांकडेच जाणार, असे सांगते. प्राण्याला मारू शकणारे अस्त्र ज्याच्या हाती आहे तो शास्त्रज्ञ, ते पुढे माणसांवरच वापरले जाईल या भीतीने आधी आपली टिपणे जाळतो आणि मग प्राण्याबरोबर स्वतःही समुद्रतळाशी राहतो. अमेरिकी आवृत्तीत दोष फ्रान्सच्या चाचण्यांवर ढकलून पहिल्या काही मिनिटांतच तो विषय मिटवला आहे, आणि नंतर तिथल्या फ्रेंच माणसांना मुख्य दुःख आहे ते अमेरिकी कॉफीचे.

विश्वामित्रीकाठच्या माणसाला पाण्यातून शहरात येणाऱ्या प्राण्याचे तसे अप्रूप नाही. 2019 च्या आणि पुन्हा 2024 च्या पावसाळ्यात नदी वस्त्यांत शिरली, तेव्हा तिच्याबरोबर मगरीही आल्या. पण त्यानंतर कितीतरी दिवस घराघरांत जे बोलणे चालायचे ते मगरीच्या लांबीविषयी क्वचितच असायचे. ती कोणाच्या पायरीवर दिसली, आधी कोणी पाहिली, मुख्य म्हणजे पाणी एवढे चढलेच का आणि नदीचे पात्र कोणी अडवले, याविषयी असायचे. एवढी साधी विचारपूस त्या चित्रपटात कोणी करत नाही.

हे सगळे मी भाच्याला सांगून मूळ चित्रपट बघायचा प्रस्ताव मांडला.

"मामा, म्हणजे तो माणूस पोशाखात शिरलेला असतो तोच ना? लगेच कळतं की!"

कळते खरेच. तो पोशाख शंभर किलोंच्या आसपास होता म्हणतात, आणि त्याची ती गर्जना डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या तारांवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा घासून काढलेली आहे, हे ऐकल्यावर भाचा थोडा नरमला. पुढच्या रविवारी तो लावायचे ठरले आहे, फक्त जेवणाच्या आधी, ही आईची अट.