जुनी एमआर२ ऑईल खाते तेव्हा: डिपस्टिकपासून पिस्टनपर्यंत

मी ब्रिटनमध्ये सेकंडहँड घेतलेली २००१ची टोयोटा एमआर२ रोडस्टर हजार मैलांना १२०० मिली ऑईल खात होती. आता शंभर मिलीसुद्धा लागत नाही. ज्या क्रमाने तपासलं त्याच क्रमाने लिहितो, कारण या गाडीत क्रम चुकला तर पैसे दोनदा जातात.

हिच्या १७९४ सीसी १झेडझेड-एफई इंजिनात फिल्टरसकट जेमतेम ३.७ लिटर ऑईल मावतं. एक लिटर कमी झालं की पाव भागाहून जास्त गेलं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा ऑईलचं प्रेशर दाखवतो, पातळी नाही. वळणावर ऑईल चेंबरच्या (इंजिनच्या तळाशी ऑईल साठतं त्या भांड्याच्या) एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि दिवा लुकलुकतो, तोवर बेअरिंगला इजा झालेली असू शकते. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत दर पेट्रोल भरताना डिपस्टिक (ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी) बघायची, त्यात सूट नाही.

आधी नीट मोजमाप. रोज एकाच सपाट जागी, सकाळी इंजिन थंड असताना डिपस्टिक पुसून दोनदा बघायची. पातळी वरच्या खुणेवर आणायची, मैल लिहायचे आणि दर २५० मैलांनी मापाच्या भांड्याने किती घातलं तेही टिपायचं. खुणेच्या वर भरू नका. जादा ऑईल ब्रीदरमधून (इंजिनातले वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ओढलं जाऊन जळतं आणि मोजमापच खोटं पडतं.

मग गळती. इंजिन सीटांच्या मागे आणि खाली पत्रा, त्यामुळे जमिनीवर थेंब दिसेलच असं नाही. पत्रा काढून टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) गॅस्केट, प्लगच्या विहिरी (स्पार्क प्लग बसतात ते खोल खड्डे) आणि टायमिंग चेन टेन्शनरचं ओ-रिंग बघितलं. टेन्शनरखाली ओलसर होतं. ओ-रिंग बदलायला फार वेळ लागत नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातले वायू परत आत जळायला पाठवणारी झडप) हलवला तर आतली गोळी खुळखुळली पाहिजे. इंजिनच्या बाजूने फुंकलं की हवा सहज जावी, इनटेक मॅनिफोल्डच्या (हवा आत नेणाऱ्या नळ्यांच्या) बाजूने अडखळत. माझा चिकटलेला निघाला. या दोन कामांनी १२०० वरून १०५० झालं, म्हणजे मूळ दुखणं आतच होतं. (भारतात २००३ पासून आलेल्या १.८ पेट्रोल कोरोलातही हेच इंजिन होतं, त्यामुळे इंजिनची जागा सोडली तर इथपर्यंतचं सगळं तिलाही लागू पडतं.)

यानंतर या गाडीची खास तपासणी. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांत) दोन प्री-कॅट (धूर साफ करणारे छोटे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) बसवलेले आहेत. जळालेल्या ऑईलने ते अति तापतात, त्यांची सिरॅमिकची जाळी भुगा होते आणि तो भुगा एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून उलटा सिलेंडरमध्ये ओढला जातो. बोअरला (सिलेंडरच्या आतल्या भिंतीला) चरे पडतात, ऑईल आणखी जळतं, जाळी आणखी फुटते. मॅनिफोल्डवरचे दोन ऑक्सिजन सेन्सर २२च्या पान्ह्याने काढून टॉर्चने आत बघा. मधाच्या पोळ्यासारखी अखंड जाळी दिसली तर ठीक. कडा झिजलेली किंवा मधे खड्डा असेल तर गाडी चालवणं तिथेच थांबवा. माझी जाळी शाबूत होती. प्री-कॅट काढून टाकायचा विचार असेल तर आधी आपल्या देशाचा नियम बघा.

मग कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना सिलेंडरमध्ये होणारा दाब) मोजलं. ते चारही सिलेंडरला १२.५ ते १२.८ बार आलं. अपेक्षित १३च्या आसपास, किमान १०, आणि सिलेंडरांमधला फरक १ बारच्या आत हवा. इथे बरेच जण फसतात. पिस्टनवरच्या तीन रिंगांपैकी वरच्या दोन कॉम्प्रेशन धरतात, ऑईल खरवडून काढते ती तिसरी. सुरुवातीच्या पिस्टनमध्ये त्या रिंगेमागची, ऑईल परत खाली सोडणारी भोकं मोजकी आणि बारीक आहेत. ती कार्बनने बुजली की खरवडलेलं ऑईल वरच जळतं, आणि कॉम्प्रेशनचा आकडा मात्र चांगलाच येतो. नंतरच्या मॉडेलांच्या पिस्टनमध्ये ही रचना बदलली. स्टार्ट करताना क्षणभर निळा धूर आला तर व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑईल झिरपू न देणाऱ्या रबरावर) संशय घ्या. माझ्या गाडीचा धूर जोर लावताना यायचा.

इंजिन खोलण्याआधी पिस्टन द्रवात भिजवून बघितले. चारही प्लग काढले, कॉईलचे आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडवले. प्लगच्या भोकांतून लांब प्लास्टिकच्या काड्या सोडून क्रँक हाताने फिरवला, चारही काड्या एका उंचीवर आल्या की थांबलो. पिस्टन मधोमध असले की द्रव सगळीकडे सारखा बसतो. प्रत्येकात ५० मिली कार्बन विरघळवणारा द्रव. पहिल्या रात्री तिसऱ्या सिलेंडरमधला द्रव जसाच्या तसा होता; दुसऱ्या दिवशी भरला तो तीन तासांत उतरला. रिंगेमागची वाट मोकळी होऊ लागली होती. उरलेला द्रव सिरिंजला नळी लावून ओढला, तर काळ्या चहासारखा बाहेर आला. भोकांवर चिंध्या ठेवून प्लगशिवायच स्टार्टर मारा. द्रव दाबला जात नाही. प्लग लावून मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. द्रव चेंबरमध्येही उतरलेला असतो, म्हणून सुरू करण्याआधी ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदला.

खप ७०० वर आला आणि तिथेच थांबला. बुजलेली भोकं मोकळी झाली तरी मुळात कमीच आहेत.

शेवटी इंजिन सबफ्रेमसकट (ते बसवलेल्या चौकटीसकट) खाली उतरवून नंतरच्या रचनेचे पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह सील आणि नवे रॉड बोल्ट घातले. बोअरमध्ये चरे नव्हते, हलकं होनिंग (बोअर दगडाने बारीक घासणं) पुरलं. रिंगेवरची खूण वर ठेवा आणि रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ देऊ नका. रॉड कॅपचे बोल्ट २० न्यूटन-मीटरने आवळा, मग आणखी ९० अंश फिरवा; हेडचे बोल्ट ४९ आणि मग ९० अंश. होनिंगची भुकटी बोअरमध्ये राहिली तर नव्या रिंगा लवकर झिजतात. गरम साबणपाण्याने धुऊन पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत पुसा आणि लगेच ऑईलचा हात फिरवा.

पहिले ५०० मैल एकाच वेगात न चालवता जोर लावत आणि सोडत चालवली, मग ऑईल बदललं. पुढच्या हजार मैलांत ८० मिली गेलं.