तुम्ही विचारलंत म्हणून: इंदूरचा माणूस ब्लॅकबर्नचा कसा?

इंदूरचा मराठी माणूस, त्यातून फुटबॉलचा नादी, आणि मँचेस्टर-लिव्हरपूल सोडून उत्तर इंग्लंडातल्या ब्लॅकबर्न गावच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबासाठी जीव टाकतो, हे कळलं की समोरचा हमखास विचारतो, "का हो, मालक पुण्याचे आहेत म्हणून का?" पुण्याचे नातेवाईक हे जरा अभिमानाने विचारतात. इंदूरचे विचारतात तेव्हा त्यात "भिया, और कोई नहीं मिला?" असा सूर असतो. त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो: "आणि त्या बर्नलीनं तुमचं काय घोडं मारलंय?" बर्नली हा शेजारच्या गावचा क्लब, ब्लॅकबर्नचा पिढीजात वैरी. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगून टाकतो.

मालकांचा काही संबंध नाही. ते २०१० च्या नोव्हेंबरात आले, मी त्याच्या बराच आधीपासून तिथे आहे. संबंध आहे तो मिलशी. आमचं घर मिल एरियातलं, वडील विणाई खात्यात. भोंगा झाला की आई पोळ्या लाटायला घ्यायची. मग तो भोंगा वाजेनासा झाला. १९९५ मध्ये वडील घरी बसून होते आणि टीव्हीवर मला एक गाव दिसलं. त्याच्या मिल केव्हाच बंद पडल्या होत्या, आणि ते गाव इंग्लंडचं अजिंक्यपद घेऊन नाचत होतं. त्या वयात गाव आपलं व्हायला एवढं पुरतं.

ब्लॅकबर्न ज्या परगण्यात आहे त्या लँकेशायरचा फुटबॉल मिलच्या पाळीतून निघालाय. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापड मिलना शनिवारी दुपारी दोनला काम थांबवावं लागलं. कायदा होता बायका-मुलांपुरता, पण त्यांच्याशिवाय खातंच चालेना, म्हणून पुरुषही सुटले. दोनला सुट्टी, घरी जाऊन चार घास, तीनला मैदान. इंग्लंडात शनिवारची मॅच आजही दुपारी तीनची धरतात ती इथून आली. सुट्टीची अर्धी दुपार आणि खिशात थोडे पैसे असलेली हजारो माणसं एका जागी मिळाल्यावर क्लब निघायला कितीसा वेळ लागणार?

तोवर एफ.ए. कप, म्हणजे इंग्लंडची बाद फेरीची फुटबॉल स्पर्धा, ही दक्षिणेतल्या साहेबलोकांची मिरास होती. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक नावाच्या संघाने अंतिम सामन्यात ओल्ड इटोनियन्सना २-१ ने पाडलं. इकडे विणकर, सूत कातणारा, नळकाम करणारा. तिकडे इंग्लंडच्या सगळ्यात बड्या शाळेची, इटनची, पोरं. कप पहिल्यांदाच उत्तरेत आला. पुढची तीनही वर्षं तो त्याच गावात राहिला, फक्त घर बदलून ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला. १८८५ मध्ये पैसे घेऊन खेळणं अधिकृत झालं तेही मुख्यतः लँकेशायरच्या क्लबांच्या रेट्याने. कारण सरळ आहे. शनिवारची मजुरी बुडवून खेळायचं तर ती कोणीतरी भरून द्यायला हवी. इटनच्या पोरांना ती अडचण नव्हती. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा बारा क्लबांपैकी सहा एकट्या लँकेशायरचे होते: प्रेस्टन, ब्लॅकबर्न, बर्नली, बोल्टन, ॲक्रिंग्टन आणि एव्हर्टन. एव्हर्टन लिव्हरपूलचा. बाकीची पाच निव्वळ मिलची गावं.

आता वैराकडे येतो. माझ्या मते शहरांच्या वैराच्या दोन जाती असतात.

पहिली पैशाची. लिव्हरपूल बंदर, मँचेस्टर कापडाचा बाजार. मँचेस्टरच्या प्रत्येक गासडीवर लिव्हरपूल पट्टी घेणार. शेवटी मँचेस्टरवाल्यांनी वैतागून ५८ किलोमीटरचा कालवा खणला आणि १८९४ मध्ये समुद्रच दारात आणला. त्या दोन शहरांच्या क्लबांत जे चालतं त्याच्या तळाशी हा हिशेब आहे. आमचं इंदूर-भोपाळ याच जातीचं. जुन्या मध्य भारत राज्यात निदान वाटणी तरी होती, हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला आणि सगळंच भोपाळला गेलं. इंदूरचा व्यापारी अजूनही "कमावतो आम्ही, फायली त्यांच्याकडे" असं म्हणतो तेव्हा मला कालव्याआधीचं मँचेस्टर आठवतं.

दुसरी जात भाऊबंदकीची. ब्लॅकबर्न आणि बर्नली यांच्यात पंचवीस किलोमीटरही अंतर नाही. दोन्ही विणकामाची गावं, तेच माग, तोच पाऊस, तीच बोली. एकाने दुसऱ्याचं काही लुबाडलेलं नाही, आणि म्हणूनच समझोता करायला जागा नाही. त्यांच्या सामन्यांना पाहुण्या समर्थकांना अनेकदा स्वतःच्या गाडीने जाता येत नाही. पोलिसांनी ठरवलेल्या बसमध्ये बसायचं, थेट मैदानावर उतरायचं आणि त्याच बसने परत. १९७९ नंतर बर्नलीला ब्लॅकबर्नवर विजय मिळाला तो थेट मार्च २०१४ मध्ये. पस्तीस वर्षं! मधे एकमेकांशी गाठच पडू नये इतके दोघं वेगवेगळ्या पायऱ्यांवर होते बराच काळ. १९८७ मध्ये तर बर्नली लीगमधूनच बाहेर पडायच्या बेतात होता. शेवटच्या दिवशी ओरिएंटला २-१ ने हरवून वाचला. हाच क्लब १९६० मध्ये इंग्लंडचा अजिंक्य होता. ब्लॅकबर्नमध्ये त्या दिवशी किती जण बर्नली बुडावा म्हणून देव पाण्यात घालून बसले असतील, याचा अंदाज भाऊबंदकी पाहिलेल्या कोणालाही बांधता येईल.

या गावांची अवस्था अशी का झाली, याचं एक उत्तर आपल्याकडे येतं. ब्लॅकबर्नच्या मागांवर विणलेली धोतरं भारतात खपत. हिंदुस्थानात मिल वाढल्या, पुढे बहिष्कार आला, आणि तिकडचे माग थांबू लागले. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी ब्लॅकबर्नशेजारच्या डार्वेनला गेले, बेकार झालेल्या कामगारांना भेटले, आणि त्या कामगारांनी त्यांचं प्रेमाने स्वागत केलं. गंमत अशी की भारतातल्या मिलमध्ये कातायची यंत्रं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडूनच येत. त्यांच्या यंत्रांवर आपण त्यांचा धंदा बसवला, आणि काही दशकांनी आपलाही बसला. हे मी वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे त्यांचा भोंगा आमच्या आधी बंद झाला, एवढंच ना?"

मग १९९५ कसं घडलं? त्याचं श्रेय गावाला देणं मला आवडलं असतं, पण ते जॅक वॉकरचं आहे. ब्लॅकबर्नचाच माणूस, पोलादाचा व्यापारी. १९८९ मध्ये कंपनी ब्रिटिश स्टीलला ३३ कोटी पौंडांना विकली आणि पैसा क्लबात ओतला. लिव्हरपूलचं दैवत केनी डॅल्ग्लिश व्यवस्थापक, आणि गोल मारायला ॲलन शिअरर. शेवटचा सामना ॲनफिल्डवर, लिव्हरपूलविरुद्ध. ब्लॅकबर्न हरला. पण मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमकडे बरोबरी पत्करावी लागली आणि ८९ विरुद्ध ८८ अशा एका गुणाने अजिंक्यपद आलं. ब्लॅकबर्नला हरवूनही लिव्हरपूलचे प्रेक्षक खूश, कारण मँचेस्टरची गेली! चार वर्षांत, १९९९ मध्ये, तोच संघ खालच्या श्रेणीत घसरला, आणि २००० मध्ये वॉकर वारले.

पुण्याच्या वेंकीजबद्दल आता बोलतो, कारण तुम्ही त्यासाठीच इथवर वाचलंत. कोंबड्यांच्या धंद्यातले लोक. आल्या आल्या महिन्याभरात त्यांनी सॅम ॲलर्डाइस या अनुभवी व्यवस्थापकाला घरी पाठवलं. २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली, २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत. वर्षात तिथून वर आला तो दुसऱ्या श्रेणीत. २०१२ मध्ये ज्या सामन्यात घसरण नक्की झाली, त्यात प्रेक्षकांनी मैदानात क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी सोडली. पैसा मालकांनी घातला, बराच घातला, हेही खरं. पण गाव ओळखीचं नसलेला मालक आणि गावचाच मालक यांत फरक पडतो, आणि तो ताळेबंदात दिसत नाही. पुण्याचे काका यावर म्हणतात की लोक कृतघ्न आहेत. काकांशी मी या विषयावर बोलत नाही.

"मग इंदूरचं असं काही का नाही?" हाही प्रश्न येतो. होतं की. होळकरांचा क्रिकेट संघ. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत रणजीच्या दहा अंतिम फेऱ्या, चार अजिंक्यपदं. सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे. बडोद्याशी तर खास चुरस. मार्च १९४७ च्या अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी आमच्या गोलंदाजांना ५७७ धावांची भागी लावली, तेही बडोद्यातच. दोन मराठा संस्थानांची दोन शहरं, आणि मधे बॅट. पण तो संघ गादीचा होता. संस्थान गेलं, राजाश्रय गेला, १९५५ नंतर 'होळकर' हे नाव स्टेडियमपुरतं उरलं. इंदूरच्या लोकांनी वर्गणी काढून तो चालवला नव्हता, त्यामुळे वर्गणी काढून वाचवावा हेही कोणाच्या मनात आलं नाही.

वर्गणीचं इंदूर बघायचं तर अनंत चतुर्दशीच्या रात्री या. हुकुमचंद मिल, मालवा मिल, राजकुमार, कल्याण, स्वदेशी: एकही मिल चालू नाही. हुकुमचंद नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या देण्याचा सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघाला २०२३ च्या डिसेंबरात. पण प्रत्येक मिलच्या नावाची झाँकी, म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतला चित्ररथ, अजून निघते. शंभरेक वर्षांची चाल आहे. म्हातारे कामगार आणि त्यांची पोरं महिनाभर आधीपासून खपतात, पैसे जमवतात, हलत्या मूर्ती आणि दिव्यांच्या माळा चढवतात, आणि रात्रभर अख्खं शहर रस्त्याकडेला उभं राहून कोणाची झाँकी सरस यावर भांडतं. पहिलं बक्षीस दुसऱ्या मिलला गेलं की आमच्याकडे अजूनही परीक्षकांच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. कापडाचा एक वार निघत नसलेल्या दोन मिलमधली ही चुरस ज्याला कळते, त्याला ब्लॅकबर्न-बर्नली समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हा बर्नलीनं माझं काय घोडं मारलंय, तर काही नाही. २०२४-२५ मध्ये त्यांनी ४६ सामन्यांत फक्त १६ गोल खाल्ले, १०० गुण केले, आणि प्रीमियर लीगमध्ये चढले. बचाव उत्तम होता, हे मी एकदाच म्हणणार. मात्र तेवढेच गुण लीड्सचेही होते आणि गोलफरकावर पहिलं स्थान लीड्सला गेलं. लीड्स यॉर्कशायरचं, म्हणजे लँकेशायरच्या माणसाला ज्याचं कौतुक करणं जिवावर येतं त्या मुलखातलं. मला मुळीच जड गेलं नाही.