सिस्टरनी बंद ठेवलेली सलाईन

इंटर्नशिपला कोकणातल्या एका छोट्या हॉस्पिटलात होतो तेव्हाची गोष्ट. मे महिना, रात्रीचे अकरा वाजलेले, एक आजोबा सात-आठ वर्षांच्या नातवाला खांद्यावर टाकून कॅज्युअल्टीत आले. लाकडं काढताना विंचू चावलेला. पोरगं घामाने निथळतंय, लाळ गळतेय, हातपाय गारढोण, नाडी जेमतेम हाताला लागतेय, बीपी ९०/७०. मी जोरात ओरडलो, सिस्टर, आरएल सलाईन फुल फ्लो सोडा! सिस्टरनी बाटली लटकवली, पण क्लॅम्प काही उघडला नाही, म्हणाल्या डॉक्टर आधी छाती तरी ऐका. स्टेथो लावला तर दोन्हीकडे बुडबुडे.

शॉकच होता तो, म्हणजे अंगाला पुरेसं रक्त पोचत नव्हतं, पण पाणी कमी पडल्याचा नव्हता. लाल विंचवाचं विष अंगात ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा पूर आणतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हार्ट त्या प्रेशरविरुद्ध ढकलून ढकलून दमतं आणि फुफ्फुसात पाणी साठतं. त्यात मी वरून आणखी पाणी ओतणार होतो! सर आले, त्याला उठवून बसवलं, ऑक्सिजन, आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिनची गोळी, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी. हे औषध विंचूदंशावर चालतं हे दाखवून दिलं ते महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी, १९८० च्या दशकात.

आता मी इंटर्न पोरांना शॉकचं कारण घरच्या पाण्यावरून शोधायला सांगतो. टाकी म्हणजे अंगातलं रक्त-पाणी, मोटर म्हणजे हार्ट, पाईप म्हणजे रक्तवाहिन्या, आणि पाय म्हणजे बाहेरून रक्ताची वाट अडवणारं काहीतरी. नळाला पाणी नाही, तर टाकी रिकामी आहे, का मोटर गेलीय, का पाईपच फुगून रुंद झालेत, का कुणी पाईपवर पाय देऊन उभा आहे? बीपीच्या मशीनकडे धावण्याआधी पेशंटचा हात हातात घ्या, मानेच्या शिरा बघा. हात गार आणि शिरा सपाट तर बहुतेक टाकी. हात गार पण शिरा फुगलेल्या तर मोटर नाहीतर पाय. त्यात एका बाजूच्या फुफ्फुसात हवा जात नसेल तर छातीत कोंडलेली हवा हार्टला दाबतेय असं धरा आणि ती सोडायला एक्स-रेची वाट न बघता छातीत सुई घाला. हात गरम, बीपी कमी, सोबत ताप, तर पाईप रुंद झालेत, सेप्सिस म्हणजे अंगभर भिनलेला जंतुसंसर्ग धरून चाला, तासाभरात अँटिबायोटिक गेलंच पाहिजे, आणि सलाईनने भागत नसेल तर रक्तवाहिन्या आवळणारं नॉरॲड्रेनलिन लावायला लाजू नका.

आणि बीपी फार उशिरा पडतं हो! बाईकवरून पडलेला तरणा पोरगा तीसेक टक्के रक्त जाईपर्यंत बीपी टिकवून धरतो, तुमच्याशी गप्पा मारतो. पल्स १२० आणि वरचं-खालचं बीपी जवळ आलेलं, तिथेच कान टवकारा.

माझा खरा राग मात्र ॲनाफायलॅक्सिसवर, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीवर आपण करतो त्या उपचारांवर. इंजेक्शन दिलं, अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकला, बीपी गेलं, की आपले लोक एव्हिल (ॲलर्जीचं औषध) आणि डेक्सा (स्टेरॉईड) देऊन बघत बसतात. अरे ॲड्रेनलिन द्या! मोठ्या माणसाला अर्धा एमएल, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मसलमध्ये, फरक नाही पडला तर पाच मिनिटांनी परत. आणि त्याला झोपवून ठेवा, उठवून चालवू नका.

त्या पोराचे पाय पहाटे चारच्या सुमारास गरम झाले. सकाळी राऊंडला गेलो तर चहा-बिस्कीट खात बसलेला. आजोबा मात्र स्टँडवरच्या त्या भरलेल्या बाटलीकडे बघत होते, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "डाक्टर, ती उघडलीच नाय की तुमी, आता तरी लावा, पोराला जरा ताकद येईल."